हरण्याची मुदतठेव

फिलाडेल्फियाच्या 'सेव्हन्टीसिक्सर्स' या व्यावसायिक बास्केटबॉल संघाने २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत मिळून २४६ सामने खेळले आणि त्यांपैकी १९९ गमावले. पहिल्या वर्षी १९ विजय, दुसऱ्या वर्षी १८ आणि तिसऱ्या वर्षी अवघे १०. एखादा संघ वाईट खेळला, तर त्यात लिहिण्याजोगे फारसे काही नसते. पण हा संघ ठरवून दुबळा ठेवला होता. खेळाडू मैदानावर जीव तोडूनच खेळत; हरण्याची तजवीज वरच्या मजल्यावर, कचेरीत होत असे. आणि कचेरीचे प्रेक्षकांना एकच सांगणे होते : जरा धीर धरा.

हे वाक्य मी बँकेच्या नोकरीत इतक्या वेळा ऐकले आहे, की ते कानावर पडले की हात आपोआप फाइलकडे जातो. म्हणून या परक्या खेळात मला रस वाटू लागला.

एनबीए या अमेरिकन स्पर्धेची रीत आपल्याला चमत्कारिक वाटेल. तिथे कॉलेजातून येणारा नवा खेळाडू आपल्या आयपीएलसारखा बोली लावून उचलता येत नाही. दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो आणि त्यात तळाला राहिलेल्या संघांना आधी निवड करता येते. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो खरा, पण चिठ्ठ्या सारख्या नसतात. त्या काळी सर्वांत शेवटच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५ टक्के होती. शिवाय मैदानात पाचच जण असल्यामुळे एकटा असामान्य खेळाडू संघाचे नशीब पालटू शकतो. मग मधल्या पायरीवर वर्षानुवर्षे ताटकळण्यापेक्षा सरळ तळ गाठावा, हा हिशेब काही मूर्खपणाचा नव्हता.

तो कोणी उघडपणे मांडला असेल, तर २०१३ च्या मे महिन्यात जनरल मॅनेजर म्हणून आलेल्या सॅम हिंकी यांनी. आल्या आल्या त्यांनी जरू हॉलिडे हा संघाचा सर्वांत चांगला खेळाडू न्यू ऑर्लिन्सला दिला आणि बदल्यात गुडघा दुखावलेला नर्लेन्स नोएल व पुढच्या वर्षीची एक निवड घेतली. मायकेल कार्टर-विल्यम्स २०१४ मध्ये वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढच्याच फेब्रुवारीत त्यालाही दुसऱ्या एका निवडीसाठी देऊन टाकले. चालू खात्यातली गंगाजळी उपसून लांब मुदतीच्या ठेवीत टाकावी, तसा हा प्रकार. ठेव कागदावर फुगत होती, घरात मात्र चूल पेटत नव्हती.

माझा पुतण्या फिलाडेल्फियाजवळ नोकरी करतो. त्या वर्षांत तो पदरचे पैसे खर्चून हे पराभव पाहायला जाई. 'ट्रस्ट द प्रोसेस', प्रक्रियेवर विश्वास ठेवा, ही तिथल्या प्रेक्षकांची घोषणाच झाली होती. हिंकी गेले तेव्हा त्याने फोनवर मला ऐकवले, "काका, अजून एक वर्ष द्यायला हवं होतं त्यांना." मी म्हटले, "अरे, अजून एक वर्ष तर प्रत्येकच मागतो."

आजारी उद्योगांची प्रकरणे आमच्याकडे येत तेव्हा मालक व्याजाला सवलत आणि परतफेडीला मुदत मागत. ताळेबंदाच्या शेवटच्या ओळीत तोटा असणारच, तो असतो म्हणूनच तर माणूस आलेला असतो. पाहायचे ते दुसरेच. यंत्रांना वंगण दिले जाते का? कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी वेळेवर भरला जातो का? जुना फोरमन टिकून आहे की सोडून गेला? तोट्यातही कारखाना चालवला जात असेल, तर मुदत द्यावी. नुसता राखला जात असेल, तर देऊ नये.

या कसोटीवर हिंकींचा कारखाना डगमगतो. पोरसवदा खेळाडू रोज हरत होते, नवे येत, जुने जात, आणि त्यांना हरणे पचवायला शिकवील असे वडीलधारे माणूस संघात जवळजवळ नव्हते. डिसेंबर २०१५ मध्ये मालकांनी जेरी कोलान्जेलो यांना वर आणून बसवले, तेव्हा कुठे जानेवारीत एल्टन ब्रँड हा अनुभवी खेळाडू परत आला. एप्रिल २०१६ मध्ये हिंकींनी १३ पानी पत्र लिहून राजीनामा दिला. गंमत अशी, की त्यांनी २०१४ मध्ये निवडलेला जोएल एम्बीड पायाच्या दुखापतीमुळे तोवर एकही सामना खेळला नव्हता. तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उतरला आणि २०२३ मध्ये स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण मुदत मोडली की नुकसान होतेच. २०१७ मध्ये नव्या व्यवस्थापनाने घाईने जादा निवड मोजून बॉस्टनकडून पहिला क्रमांक घेतला आणि मार्केल फुल्त्झला निवडले. तो फिलाडेल्फियासाठी जेमतेम ३३ सामने खेळला. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला आणि २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले.

आता दुसरी फाइल, ओक्लाहोमा सिटीची. जुलै २०१९ मध्ये तिथले सॅम प्रेस्टी यांनी पॉल जॉर्ज लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सना दिला आणि शे गिल्जस-अलेक्झांडर या तरुणासह पहिल्या फेरीच्या पाच निवडी घेतल्या. मग तेही हरू लागले. २ डिसेंबर २०२१ रोजी मेम्फिसने त्यांना ७३ गुणांनी हरवले. एनबीएच्या इतिहासात एवढा मोठा पराभव नव्हता. हे सगळे सोवळ्यातले होते असेही नाही. अल हॉरफर्डसारख्या खेळू शकणाऱ्या ज्येष्ठाला मार्च २०२१ पासून उरलेला हंगाम बाहेर बसवले होते. पण प्रशिक्षक तेच राहिले, गिल्जस-अलेक्झांडरला विकले नाही, आणि विजय २४, मग ४०, मग ५७ असे चढत गेले. क्लिपर्सकडून आलेल्या एका निवडीतून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स मिळाला. जून २०२५ मध्ये इंडियानाला सातव्या सामन्यात हरवून ते विजेते झाले.

प्रेस्टींना मालकांनी मुदत दिली, ती त्यांची योजना हिंकींपेक्षा सुबक होती म्हणून नव्हे. त्यांचे खाते जुने होते. ड्युरंट, वेस्टब्रुक, हार्डन हे तिघे त्यांनीच ओळीने तीन वर्षांत निवडलेले, २०१२ ची अंतिम फेरी त्यांच्या नावावर जमा. कोऱ्या खात्यावर हिंकींनी तेवढीच उचल मागितली, आणि तीन वर्षांत एकही हप्ता दिसला नाही.

ज्याच्या नावावर खातेच नसते, त्या प्रेक्षकाचे काय, हा प्रश्न मात्र मला सुटत नाही. प्रेस्टींचे हे जुने खाते मुळात सिएटलमध्ये उघडले होते. तिथला 'सुपरसॉनिक्स' संघ १९६७ पासूनचा, १९७९ चा विजेता. २००६ मध्ये तो ओक्लाहोमाच्या उद्योजकांनी विकत घेतला, २००७ मध्ये प्रेस्टी आले, ड्युरंट आला. त्या २००७-०८ च्या हंगामात सिएटलच्या लोकांनी ६२ पराभव सोसले, उद्याचा संघ घडतो आहे या भरवशावर. संघ घडलाही. पण जुलै २००८ मध्ये शहराने ४५ दशलक्ष डॉलरवर तडजोड केली आणि मालक संघ घेऊन ओक्लाहोमाला गेले. संघाचे नाव आणि रंग तेवढे सिएटलकडे राहिले. त्याआधी, १३ एप्रिलला, घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना डॅलसविरुद्ध झाला. 'आमचा संघ वाचवा' म्हणून लोक ओरडत होते. तो सामना सिएटलने जिंकला.