दुसरा गाल आणि वेठीचा मैल

ख्रिस्ती धर्माची अहिंसा म्हणजे एका गालावर चपराक बसली असता दुसरा गाल पुढे करणे, एवढीच तिची ओळख आपल्याकडे आहे. ज्या समाजाने शतकानुशतके चपराकीच सोसल्या, त्याला हा उपदेश रुचू नये हे स्वाभाविक होय. तथापि मूळ पाठ पाहता प्रश्न इतका सोपा राहत नाही.

हा उपदेश मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येतो. तेथे नुसता गाल नाही, 'उजवा' गाल आहे. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर विंक (१९३५-२०१२) यांनी या एका शब्दावर भर दिला. समोर उभ्या असलेल्या माणसाने उजव्या हाताने मारले तर फटका डाव्या गालावर बसतो. उजव्या गालावर बसण्यासाठी पंज्याची मागची बाजू वापरावी लागते. असा फटका बरोबरीच्याला नव्हे, तर धनी गुलामाला मारतो. तेव्हा डावा गाल पुढे करणारा मार मागत नसून, मारायचेच असेल तर बरोबरीचा समजून मार, असे बजावीत असतो.

त्याच ठिकाणी, एक मैल चालण्याची सक्ती झाल्यास दोन मैल जावे, असाही उपदेश आहे. रोमन शिपाई प्रजाजनांना ओझी वाहण्यासाठी धरीत. येथील ग्रीक क्रियापद पुढे कुरेनेच्या शिमोनाला येशूचा क्रूस वाहण्यास भाग पाडले त्या प्रसंगीही येते. मराठीत यास तयार शब्द आहे : वेठ. महार वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते, हे वाचकांस ठाऊक आहेच. शिपायाच्या हुकुमाची मर्यादा एक मैल होती आणि दुसरा मैल स्वतः होऊन चालणारा त्यालाच अडचणीत आणीत असे, असे विंक म्हणतात.

हा अर्थ सर्वमान्य नाही. लूकच्या पाठात 'उजवा' हा शब्दच नाही. मला स्वतःला गालाच्या अर्थापेक्षा वेठीचा संदर्भ अधिक भक्कम वाटतो. एवढे मात्र खरे की हा उपदेश परसत्तेखालील लोकांना केलेला होता. इ. स. ३१३ नंतर चर्चला राजाश्रय मिळाला आणि तोच उपदेश सत्ताधाऱ्यांच्या मुखी आला. गोव्यातील १५६० ते १८१२ पर्यंतचे इन्क्विझिशन हे त्या सत्तेचेच रूप होते. बलवानाने दुर्बलास क्षमा शिकविली की तिची बेडी होते. भारतीय चर्च धर्मांतरित अस्पृश्यांच्या सामाजिक दुःखाविषयी उदासीन राहिले, ही बाबासाहेबांची टीका याच संदर्भात वाचावी.

पालि साहित्यात याच्या जवळचा प्रसंग मज्झिमनिकायातील पुण्णोवाद सुत्तात आहे. स्थविर पुण्ण सुनापरान्तास निघतात. हा प्रदेश म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा परिसर, असे अनेक अभ्यासक मानतात. तेथील लोकांनी शिव्या दिल्या, हातांनी, ढेकळांनी, काठ्यांनी, शस्त्रांनी मारले तर काय कराल, असे तथागत क्रमाने विचारतात. पुण्णांच्या प्रत्येक उत्तरात चित्त अविकारी राहते. येथे दृष्टी मार खाणाऱ्याच्या चित्तावर आहे; विंक यांच्या अर्थात ती मारणाऱ्याच्या लाजेवर आहे. हा भेद लहान नाही. मारणाऱ्याला लाज वाटलीच नाही तर काय?

या प्रश्नाची कसोटी नाशिकनेच पाहिली. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ९ एप्रिल रोजी, रामनवमीच्या रथाच्या प्रसंगी, सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. त्यांनी मार सोसला, सत्याग्रह सोडला नाही. तरी पाच वर्षांत दार उघडले नाही.

याच्या शेजारी अमेरिकेतील माँटगोमेरी ठेवून पाहावे. ३० जानेवारी १९५६ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. संतप्त जमावातील काहींजवळ शस्त्रे होती. किंग यांनी येशूच्या शिकवणुकीची आठवण देऊन त्यांना घरी पाठविले. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी हा बसबहिष्कार चालूच होता. ३८१ दिवसांनी तो यशस्वी झाला. परंतु तो केवळ गोऱ्यांच्या लाजेमुळे नव्हे. बसकंपनीचे बहुतांश उतारू कृष्णवर्णीय होते, त्यामुळे तिचे उत्पन्न बुडाले; आणि सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. नाशिकच्या सत्याग्रहींपाशी असा न्यायालयाचा आधार नव्हता, आणि मंदिराचे उत्पन्नही त्यांच्यावर अवलंबून नव्हते.

बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ रोजी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले की हा लढा मूर्तिपूजेसाठी नव्हता. अस्पृश्यांना आपल्या स्थितीची तीव्र जाणीव व्हावी, यासाठी होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि त्याच परिषदेत काळारामचा सत्याग्रह थांबविण्याचे ठरले.