गालांवरील हास्यरेषा



शाळेच्या स्नेहसंमेलनांत चौदा वर्षांच्या मुलाला आजोबा करावयाचें असे, तेव्हां आमचे रंगभूषाकार केंस पांढरे करण्याच्या आधीं एक काम करीत. तपकिरी पेन्सिलीनें नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या रेघा ओढीत व बोटानें त्या जरा पुसट करीत. तेवढ्यानें पोर पन्नाशीचें दिसूं लागे. १९७० सालीं 'नटसम्राट' रंगभूमीवर आलें, तेव्हां वृद्ध अप्पासाहेब बेलवलकर उभे करणारे डॉ. श्रीराम लागू अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते. तरुण चेहऱ्याला वार्धक्य कसें आणावें, हें नाटकवाल्यांना चांगलेंच ठाऊक असतें. उलट वाट मात्र कठीण. पेन्सिलीची रेघ प्रयोगानंतर खोबरेल तेलानें पुसली जाते; साठीनंतर आपोआप उमटलेली रेघ पुसावी कशी, हा प्रश्न आजकाल पुष्कळांना पडतो. आमच्या मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कांत भाजी आणावयास निघालें, तरी ती पुसून देण्याचें आश्वासन देणारी एखादी पाटी दृष्टीस पडतेच.

मी वैद्य नव्हें. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत मुलें शिकविलेला निवृत्त मास्तर आहें. परंतु या रेषेची खरी ओळख मला घरच्या घरीं, आणि जराशी भीत भीतच झाली.

दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत एके सकाळीं दाढी करावयास बसलों. आरशांत पाहतों तों उजव्या गालावरची रेषा नाहींशी झालेली! तेवढा अर्धा चेहरा गुळगुळीत, तरुण. क्षणभर गंमत वाटली. मग चूळ भरूं लागलों, तर पाणी उजव्या कोपऱ्यांतून ओघळलें, आणि तो डोळाही मिटेना. मुलानें तत्काळ रिक्षांत घालून रुग्णालयांत नेलें. चेहऱ्याचे स्नायू हालविणाऱ्या मज्जातंतूला सूज आली होती. या विकाराला बेल्स पाल्सी म्हणतात. पहिल्या बहात्तर तासांच्या आंत स्टेरॉइड सुरू झालें, डोळ्यांत थेंब व रात्रीं पट्टी, आणि दोन महिन्यांत तोंड पूर्ववत् झालें. सौभाग्यवती रोज सकाळीं माझा गाल निरखून पाही. ती रेघ पुन्हा दिसूं लागली, त्या दिवशीं तिनें शेजारीं साखर वाटली.

येथेंच एक गोष्ट सांगून ठेवतों. चेहऱ्याची एक बाजू अशी एकाएकीं सपाट झाली, तर तें मेंदूच्या पक्षाघाताचेंही लक्षण असूं शकतें. कोणता विकार आहे हें घरीं बसून ठरवूं नये. त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

त्या दुखण्यानें मला कळलें तें असें कीं, ही रेषा म्हणजे कातडीला पडलेली नुसती चुणी नव्हे. डॉक्टर लोक हिला नेझोलेबियल फोल्ड, म्हणजे नाक व ओठ यांमधील घडी, म्हणतात. गालाच्या हाडाकडून निघालेले बारीक स्नायू खालीं उतरून या रेषेच्या आसपास कातडीला आंतून चिकटलेले असतात. रेषेच्या वर गालाच्या चरबीची गादी. खालीं, वरच्या ओठाच्या कातडीखालीं, चरबी अगदीं थोडी. आपण हंसतों तेव्हां स्नायू ओठ वर ओढतात, गादी पुढें सरकते आणि दोहोंच्या शिवेवर घडी पडते. पाळण्यांतलें मूल हंसलें, तरी त्याच्या गालावर ती उमटते. शेताचा बांध असतो तशी ही हद्द आहे. मज्जातंतू लुळा पडला कीं ओढणारें कोणी उरत नाहीं, आणि हद्द पुसली जाते.

मग वयोमानानें ती खोल कां होते? कातडीचा दोष आहेच. तिला ताठपणा देणारें कोलाजेन नांवाचें द्रव्य प्रौढपणीं वर्षाला सुमारें एक टक्क्यानें घटतें. ऊन आणि तंबाखूचा धूर ही घट वाढवितात. भाईंदरच्या खाडीकांठीं मिठागरांत राबलेलीं माणसें पाहिलीं म्हणजे हें पटतें. वरून ऊन, आणि पांढऱ्या मिठावरून उलटलेलें ऊन खालून! चाळिशींतच त्यांच्या गालांवर चर पडतात. परंतु छपराखालीं खडू घेऊन जन्म काढलेल्या आमच्यासारख्यांनाही रेषा चुकत नाहीं, कारण खालचा पाया खचत असतो. गालांतील खोलवरची चरबी आटते, वरची घसरून रेषेवर टेकते, आणि नाकाशेजारचें वरच्या जबड्याचें हाड झिजून मागें सरतें. दांत पडले असतील तर हिरडीचें हाड बसतें, ओठ आंत जातो व घडी अधिकच खोल दिसते.

हें समजलें म्हणजे उपायांची पारख करणें सोपें जातें. तेलाची मालिश, दुधाची साय, महागड्या डबींतील मलमें यांनीं कातडी मऊ राहते, पण खचलेल्या भिंतीला चुना फांसावा तसें तें आहे. मलमांत दोन अपवाद मात्र सांगितले पाहिजेत. पहिला, ऊन अडविणारें सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियांत ९०३ माणसांवर साडेचार वर्षें प्रयोग झाला, व त्याचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. तळहाताच्या मागील कातडी तपासली असतां, रोज नेमानें तें लावणाऱ्यांत म्हातारपणाची मोजण्याइतकी वाढ आढळली नाहीं. दुसरें ट्रेटिनॉइन, हें जीवनसत्त्व 'अ'च्या कुळांतलें. रात्रीं लावावयाचें, महिनोन्महिने लावावयाचें, आणि गरोदर स्त्रीनें वर्ज्य करावयाचें. बारीक सुरकुत्यांवर तें गुण देतें. या खोल घडीवर त्याचें फारसें चालत नाहीं.

बोटॉक्सचें नांव आतां सर्वतोमुखीं झालें आहे. ती सुई स्नायूला लुळा करते, म्हणून कपाळाच्या आठ्यांना लागू पडते. गालांवरील या घडीसाठीं ती सहसा टोंचीत नाहींत. कां, हें त्या दोन महिन्यांत माझें तोंड पाहिलेल्या कोणालाही समजेल.

खरी भर घालणारी वस्तु म्हणजे फिलर. त्यांत बहुधा हायलुरोनिक आम्ल असतें. १९३४ सालीं कार्ल मेयर व जॉन पामर यांनीं गाईच्या डोळ्यांतील द्रवांतून तें प्रथम वेगळें काढलें, आणि २००३ सालीं अमेरिकन औषधनियामक खात्यानें अशा घड्यांसाठीं त्याच्या एका प्रकाराला परवानगी दिली. तें भरलें कीं चर त्याच दिवशीं उथळ होतो. बहुधा सहा महिन्यांपासून वर्षभरांत तें विरतें, मग पुन्हा तोच खर्च. याहून मोठी गोष्ट अशी कीं, या घडीजवळूनच चेहऱ्याची धमनी जाते. सुईतील द्रव्य तींत शिरलें तर कातडी मरते; क्वचित् दृष्टीही गेली आहे. उतारा म्हणून हायलुरोनिडेज नांवाचें औषध आहे, पण तें विलंब न लावतां टोंचावें लागतें. तेव्हां ही सुई पार्लरांत घेऊं नये. आधीं डॉक्टराची पदवी पाहावी, आणि तें उताऱ्याचें औषध जवळ आहे ना, हें तोंडावर विचारावें. त्यांत भीड कसली?

हौसेनें हे उपचार करून घेणाऱ्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं. मीं वीस वर्षें केंसांना कलप लावला आहे. म्हणूनच सौभाग्यवतीनें गेल्या महिन्यांत, मुलीच्या लग्नाच्या आधीं डाव्या गालाची रेषा भरून घेऊं का, असें विचारलें, तेव्हां मी हंसलों नाहीं. माझी एक जुनी विद्यार्थिनी आज त्वचारोगतज्ज्ञ आहे. तिच्याकडे तिला घेऊन गेलों. तिनें गालाकडे पाहिलें आणि म्हणाली, "सर, काकूंना आधीं तोंड उघडायला सांगा." डाव्या बाजूच्या वरच्या तीन दाढा पांच वर्षांपूर्वीं काढल्या होत्या आणि कवळी बसवून घ्यावयाची राहून गेली होती. ओठाला त्या बाजूला टेकूच नव्हता. सुईचें मग पाहूं, असें ठरलें. येत्या मंगळवारीं दांतांच्या डॉक्टरांनीं माप घ्यावयास बोलाविलें आहे.