कापडावर न पडलेली शाई जाते कुठे?

थानात अर्धा मीटर कापड कमी भरले तर व्यापारी लगेच विचारणा करतो. परंतु इंकजेट मशीनमध्ये लिटरने ओतलेल्या शाईपैकी कामाला किती आली आणि वाया किती गेली, याचा हिशेब आपल्यापैकी फार थोडे जण ठेवतात. आम्हीही ठेवत नव्हतो. एका लग्नसराईत फिकट रंगाच्या पॉलिस्टर दुपट्ट्यांचा अख्खा लॉट खराब झाला, तेव्हा आमचे डोळे उघडले. छापील कागद पाहिला तेव्हा काही दिसले नव्हते. गरम प्रेसखालून दुपट्टे निघाले तेव्हा मोकळ्या जागेत राखेसारखे बारीक ठिपके उठले होते. आम्ही आधी कापडाला दोष दिला, मग डिझाइन करणाऱ्याला. शेवटी मशीनवरचा मुलगा म्हणाला, ‘‘चाचा, हे ठिपके डिझाइनमध्ये नाहीत. हे हवेतून पडतात.’’ त्याचे म्हणणे खरे निघाले.

वाया जाणारी शाई दोन वाटांनी जाते. दोन्ही वाटा प्रत्येक मालकाने समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली वाट : सफाईची शाई

हेडची छिद्रे अतिशय बारीक असतात. त्यांत शाई सुकू नये म्हणून मशीन वेळोवेळी पंपाने शाई ओढून घेते. ही शाई लहान प्रिंटरमध्ये तळाशी ठेवलेल्या नमद्यासारख्या गादीत मुरते. मोठ्या मशीनमध्ये ती नळीने बाटलीत उतरते. लहान प्रिंटर किती शाई गादीत गेली याचा अंदाज मोजत राहतो आणि मर्यादा आली की काम थांबवतो. अशा वेळी मेकॅनिक येतो, काउंटर शून्यावर आणतो आणि पैसे घेऊन जातो. गादी मात्र तशीच भरलेली राहते. मग एक दिवस शाई खालून गळते आणि टेबल, वायरी, शेजारचा माल, सारे रंगते. काउंटर शून्य केला म्हणजे गादी रिकामी झाली, असे होत नाही. गादी बदला, मगच काउंटर शून्य करा. ज्या प्रिंटरमध्ये बदलण्याजोगा डबा असतो, तो नवीन घेताना पसंत करावा.

शाई मुळात वाया कमी जावी, हे अधिक चांगले. मशीन नेहमी त्याच्या बटणानेच बंद करावे. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला किंवा वीज अचानक गेली, तर हेड आपल्या झाकणावर जाऊन बसत नाही, छिद्रे सुकतात आणि पुढच्या सफाईत अधिक शाई जाते. जिथे वीज वारंवार जाते, तिथे यूपीएसचा खर्च शाईच्या बचतीतून बराचसा निघतो. एखादी रेघ तुटली की लगेच मोठी सफाई करू नये. आधी तपासणीची छोटी पट्टी छापावी. दोन-तीन सफायांनी फरक पडला नाही तर थोडा वेळ थांबावे. पुन्हा पुन्हा सफाई म्हणजे गादीत पैसे ओतणे होय.

दुसरी वाट : शाईचे धुके

हेडमधून थेंब सुटतो तेव्हा त्याच्या मागे शेपूट असते. ते तुटून अगदी लहान थेंब बनतात. मोठा थेंब कागदावर पोहोचतो. लहान थेंबाचा वेग हवेतच संपतो आणि धावत्या हेडच्या वाऱ्याबरोबर तो भटकत राहतो. यालाच शाईचे धुके म्हणतात. हेड आणि कागद यांतील अंतर जितके अधिक, तितके धुके अधिक.

आमची चूक इथेच होती. पैसे वाचवण्यासाठी आम्ही हलका कागद आणला. तो शाईने फुगून हेडला घासू लागला, म्हणून आम्हीच हेड वर उचलायला सांगितले. कागदात वाचले त्याच्या कितीतरी पट दुपट्ट्यांत गेले. चांगला कागद, त्याला बरोबर ताण आणि हेड शक्य तितके खाली, हाच खरा इलाज आहे. थेट कापडावर छापणाऱ्यांनी सुटे धागे आणि सुरकुत्या आधी काढाव्यात, म्हणजे हेड उचलावे लागत नाही. हवा फार कोरडी असेल तर पॉलिस्टरवर स्थिर वीज साठते आणि धुके भलतीकडे ओढले जाते. म्हणून खोलीतील आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी.

हे धुके मशीनलाही सोडत नाही. हेड कुठे आहे हे दाखवणारी बारीक रेघांची पारदर्शक पट्टी धुक्याने मळते आणि मशीन जागा चुकते. मशीन बंद करून, धागे न सुटणारे कापड शुद्ध पाण्यात किंचित ओले करून ती हलक्या हाताने पुसावी. थिनर लावू नये. पट्टीवरच्या रेघाच निघून जातील.

आता माणसाचे बोलू. आमच्या त्या मुलाला दोन महिन्यांपासून खोकला होता. त्याचे कारण ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. परंतु सुती कापडाच्या रिअॅक्टिव्ह रंगांनी काही कामगारांना दमा होतो, हे रंगाच्या धंद्यात पूर्वीपासून माहीत आहे. यूव्ही शाई न सुकलेल्या स्थितीत कातडीला लागली तर त्रास देते. तेव्हा बंद गाळ्यात मशीन चालवू नये. मशीनवर थेट पंखा सोडू नये, त्याने थेंब ढळतात. मागच्या बाजूने हवा बाहेर ओढणारा पंखा लावावा. शाई हाताळताना हातमोजे द्यावेत. आम्ही पंखा बसवला आणि मुलाला डॉक्टरांकडे पाठवले. हे दोन्ही आधी करायला हवे होते.

टाकाऊ शाईचे काय करावे?

पाण्याची शाई म्हणजे पाणी नव्हे. ती मोरीत किंवा गटारात ओतू नये. टाकाऊ शाई पुन्हा टाकीतही भरू नये. तिच्यात सगळे रंग आणि धूळ मिसळलेली असते, हेड बसते. पाण्याची, सॉल्व्हंटची आणि यूव्ही शाई वेगवेगळ्या झाकणाच्या कॅनमध्ये, नाव व तारीख लिहून ठेवावी. शाईच्या औद्योगिक वापरातून निघणारा गाळ व अवशेष २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहेत. म्हणून कारखानदाराने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने तो अधिकृत केंद्राकडेच पाठवावा. प्रिंटर आणि कार्ट्रिज ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. ते भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत रिसायकलरकडे पोहोचतील असे पाहावे.

आता आमच्या गाळ्यात मशीनजवळ एक वही टांगलेली असते. आलेली शाई, छापलेले मीटर आणि कॅनमध्ये जमलेली शाई, तिन्ही आकडे रोज लिहिले जातात. तिसरा आकडा वाढला की आम्ही विचारणा करतो, जशी अर्धा मीटर कमी भरल्यावर करतो.