खोडदच्या जाळ्या आणि बारावीचं फिजिक्स

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाची फिजिक्सची लॅब मोकळी केली. गॅल्व्हानोमीटर, रेझिस्टन्स बॉक्स, मीटर ब्रिज पोत्यांत भरून किलोच्या भावाने भंगारात घातले. तिथे आता टेस्ट सिरीजचे बाक लागलेत. ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

1977 मध्ये राज्यात बारावीची पहिली परीक्षा झाली. पुढच्या दहा-बारा वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सरांनी नोट्स सांगायच्या, पोरांनी उतरवून घ्यायच्या, झालं शिकवून.

नव्वदचं दशक मात्र भरभरून होतं. आम्ही जुन्नर तालुक्यातले. नारायणगावजवळ खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहत होती: 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, काही मधोमध एकत्र, बाकीच्या तीन दिशांना थेट शेताशिवारांत. पोरं सायकलवरून बघून यायची आणि विचारायची, "सर, तबकडीला नुसती जाळी आहे. लहरी आरपार नाही का जायच्या?"

अकरावी-बारावीच्या फिजिक्सला याहून चांगला प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. फळ्यावर गणित मांडायचो. हायड्रोजनची रेडिओलहर 1420 मेगाहर्ट्झची, म्हणजे लांबी 21 सेंटिमीटर. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. एवढ्या लांब लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच. लहर परत फिरते. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त. मग ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी पुणे लावायचो, 792 किलोहर्ट्झ, लहर जवळजवळ 379 मीटरची. ट्रान्झिस्टर बारीक जाळीच्या पिंजऱ्यात ठेवला की आवाज विरून नुसती खरखर उरायची. पोरं तो पुन्हा पुन्हा आत-बाहेर करायची. मी तास संपवायची घाई केली नाही.

दुसरा प्रश्न विहिरीवरून यायचा. थ्री-फेज वीज मोजके तास. उरलेल्या वेळी दोन फेजवर मोटर चालवायला घरोघरी कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, लावलेले. तो नेमकं करतो काय? कपॅसिटरमधला करंट व्होल्टेजच्या पुढे धावतो, त्या फरकावर तिसऱ्या फेजची उणीव कशीबशी भरून निघते आणि मोटर फिरते. पण तोल साधत नाही, वाइंडिंग तापतं. ज्याच्या घरची मोटर त्याच महिन्यात जळालेली, त्याला एसी सर्किटचा धडा वेगळा समजवावा लागला नाही.

आणि लॅबमधला मीटर ब्रिज, त्याच्या तारेवर टेकवायची जॉकी. "जॉकी घासू नकोस, टेकव," हे मी किती पोरांना सांगितलं असेल! तार घासली की जाडी बदलते, मग दर सेंटिमीटरचा रेझिस्टन्स सारखा राहत नाही आणि सगळं उत्तर बिघडतं. गॅल्व्हानोमीटरचा काटा डावीकडे, उजवीकडे, आणि मध्येच कुठेतरी शून्यावर थरथरत थांबतो. ती जागा बोटांनीच शोधावी लागते.

स्टाफरूममध्ये तेव्हा ऐकवलं जायचं, "प्रयोगांत वेळ घालवता, पोर्शन कधी संपवणार?" पोर्शन मी दरवर्षी वेळेत संपवला, हे इथे लिहून ठेवतो.

पुढची वर्षं वेगाने घसरली. पूर्वी इंजिनिअरिंगचा प्रवेश बारावीच्या पीसीएमवर मिळे, त्यात प्रात्यक्षिकाचे गुण धरलेले असत. सीईटी आली, 2013 मध्ये जेईई मेन आणि नीटही आल्या, पुढे बारावीचे गुण पात्रतेपुरते उरले. नाव एका कॉलेजात आणि शिकणं क्लासमध्ये, हा टाय-अपचा प्रकार इतका बोकाळला की 2018 मध्ये सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. तरीही वर्ग रिकामेच राहिले.

यात पोरांचा दोष नाही. शेजारची मुलगी कपॅसिटरचं गणित मिनिटभरात सोडवते. दारातल्या स्टार्टरच्या पेटीत तोच बसवलाय हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. मी पेटी उघडून दाखवली, तर ती तासभर हलली नाही.

प्रात्यक्षिकाचे 30 गुण आजही आहेत आणि बाहेरचा परीक्षकही येतो. त्याने आधी लॅब बघावी, मीटर ब्रिज जोडलेला नसेल तर गुणांच्या यादीवर सही करू नये. आणि हे गुण प्रवेशाच्या यादीत पुन्हा धरावेत. परीक्षा घेणाऱ्यांना मी हेच लिहून पाठवलंय, उत्तर येईपर्यंत पाठवत राहणार आहे.