चिलीचा पाऊस कोण वाटतं?

उत्तर चिलीतल्या आरिका बंदरात ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ या काळात पाऊस पडलाच नाही. सलग १७३ महिने कोरडे! जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी हा विक्रम आजही नोंदलेला आहे. आणि आरिका आहे कुठे, तर ऐन पॅसिफिक महासागराच्या काठावर. कोकणातल्या माणसाला समुद्राकाठचं वाळवंट सांगून पटायचं नाही.

त्याच किनाऱ्याने दक्षिणेला उतरत गेलं की वाल्दिव्हिया लागतं. तिथे वर्षाकाठी २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो.

चिली सुमारे ४,३०० किलोमीटर लांब. रुंदी सरासरी १८० किलोमीटरही नाही. पूर्वेला अँडीज, पश्चिमेला पॅसिफिक. डोंगर तोच, समुद्रही तोच. मग एवढा फरक का? उत्तर वाऱ्यांत आहे.

उत्तरेच्या पट्ट्यात हवा उंचावरून खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते, कोरडी होते. खाली समुद्रात हम्बोल्ट प्रवाहाचं थंडगार पाणी. पाण्यालगतची हवा थंड आणि जड, तिच्यावर उबदार हवेचं झाकण. हवा वर चढल्याशिवाय पाऊस नाही, आणि इथे तिला चढताच येत नाही. पूर्वेकडून ॲमेझॉनचं बाष्प यावं, तर वाटेत अँडीज उभा. यातून घडलं अटाकामाचं वाळवंट.

पण त्या झाकणाखाली धुकं साचतं. स्थानिक लोक त्याला ‘कामान्चाका’ म्हणतात. लिमारी नदीच्या मुखाजवळ फ्राय होर्हे नावाचं रान आहे. पायथ्याशी निवडुंग आणि खुरटी झुडपं. डोंगरमाथ्यावर मात्र शेवाळाने मढलेली झाडं, नेचे, ओली माती. समुद्रावरून आलेलं धुकं पानांना अडतं, त्याचे थेंब होतात, ते टपटपत मुळांशी झिरपतात. जवळपास पाऊस नसताना हे जंगल असं धुकं पिऊन जगतं! अशी झाडी पुन्हा दिसते ती शेकडो किलोमीटर दक्षिणेला, वाल्दिव्हियाच्या बाजूला. हवा दमट होती त्या जुन्या काळातला हा उरलेला तुकडा. चुंगुंगो गावाने हेच तंत्र उचललं: डोंगरावर जाळ्या ताणल्या आणि धुक्याचं पाणी नळाने गावात आणलं.

दक्षिणेत पश्चिमी वाऱ्यांचं राज्य. ते समुद्रावरून बाष्प घेऊन थेट अँडीजवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि सगळं पाणी याच उतारावर रिकामं करतात. त्यावर वाल्दिव्हियाची सदाहरित जंगलं पोसली आहेत. तिथले आलेर्से वृक्ष ३,००० वर्षांहून अधिक जगतात. आणखी खाली पातागोनियात त्याच पाण्याचा बर्फ होतो आणि हिमनद्या थेट समुद्राच्या खाड्यांत उतरतात.

उत्तरेची कोरडी हवा आणि दक्षिणेचे पश्चिमी वारे, या दोन राज्यांच्या सीमेवर राजधानी सान्तियागो आहे. ही सीमा दर वर्षी सरकते. उन्हाळ्यात कोरडी उतरती हवा दक्षिणेकडे येते. हिवाळ्यात पश्चिमी वारे उत्तरेकडे सरकून पाऊस आणतात. द्राक्षमळे याच तालावर चालतात. वाऱ्यांनी कमी मजल मारली की दुष्काळ. २०१० पासून मध्य चिलीने तो वर्षानुवर्षं सोसला आहे.

वाऱ्यांचे हे पट्टे पृथ्वीभर आहेत, पण इतर ठिकाणी ते पठारांत, डोंगररांगांत गुंतून जातात. चिलीत एकच महामार्ग आरिकाहून निघून दक्षिणेतल्या पुएर्तो माँतपर्यंत जातो. वाळवंट, काटेरी माळ, द्राक्षमळे, हिरवंगार रान: वाऱ्याचे पट्टे जसजसे बदलतात, तसतशी खिडकीबाहेरची जमीन बदलत जाते.