गवत कापताना आलेला ताप

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर २००० सालच्या उन्हाळ्यात धडधाकट माणसं तापाने आडवी होऊ लागली. एकूण १५ रुग्ण सापडले. त्यातल्या ११ जणांना न्यूमोनिया होता, एक जण दगावला. आजारापूर्वी कोणी काय केलं होतं, याची विचारपूस झाली तेव्हा एक धागा सापडला: गवत कापणं आणि झुडपं छाटणं. गवतात मरून पडलेल्या किंवा आजारी प्राण्यांचे जंतू यंत्रामुळे हवेत उडाले आणि श्वासावाटे फुप्फुसात गेले, असा निष्कर्ष निघाला. रोग होता टुलारेमिया. बेटावर १९३०च्या दशकात शिकारीसाठी बाहेरच्या राज्यांतून ससे आणून सोडले होते. रोग त्यांच्याबरोबरच आला असावा, असं मानतात.

या रोगाचा शोध लागला तो प्लेगच्या मागावर असताना. १८९६ मध्ये मुंबईला हादरवणारी प्लेगची जागतिक साथ १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोलाही पोचली होती. तिथले डॉक्टर जॉर्ज मॅकॉय बिळात राहणाऱ्या खारी तपासत. १९११ मध्ये टुलारे परगण्यातल्या खारींत त्यांना प्लेगसारखाच, पण वेगळा रोग आढळला. पुढे एडवर्ड फ्रान्सिस यांनी माश्यांच्या चाव्याने येणारा युटामधला ताप आणि हा रोग एकच असल्याचं दाखवलं. या कामात त्यांना स्वतःलाही लागण झाली. जंतूला आज त्यांच्यावरूनच ‘फ्रान्सिसेला’ म्हणतात.

जपानमधल्या फुकुशिमाचे डॉ. हाचिरो ओहारा यांची हकिकत तर अंगावर काटा आणणारी आहे. १९२५ मध्ये रोगी रानसशाचं रक्त त्यांनी स्वतःच्या पत्नीच्या हाताला चोळलं, तिच्या संमतीने. तिला ताप आला, काखेत गाठ आली आणि सशापासून माणसाला लागण होते हे सिद्ध झालं. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, देऊही नये. पण या शास्त्राच्या इतिहासात तिचा वाटा पतीइतकाच मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आजारी ससा मलूल होतो, माणूस जवळ आला तरी पळत नाही. मेल्यावर त्याच्या यकृतावर आणि प्लीहेवर पांढरे ठिपके दिसतात. उंदीर, बीव्हर, पाणउंदीर यांनाही हा रोग होतो. सोलताना हाताला असलेली बारीक जखम, गोचिडीचा किंवा माशीचा चावा, दूषित पाणी, कच्चं राहिलेलं मांस, धूळ अशा अनेक वाटांनी तो माणसात शिरतो. १० ते ५० जंतूही पुरतात. युद्धानंतर १९९९-२००० मध्ये कोसोव्होत लोक घरी परतले, तेव्हा ओस घरांत उंदीर माजले होते. अन्नपाणी नासलं होतं. तिथे ३२७ जणांना लागण झाल्याचं तपासणीत सिद्ध झालं.

चाव्याच्या जागी व्रण, मग काखेत किंवा जांघेत अवधाण, हे नेहमीचं रूप. माणसाकडून माणसाला तो लागत नाही, हा मोठा दिलासा. पेनिसिलिन इथे चालत नाही. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी औषधं वेळेवर मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. अडचण निदानाची आहे, कारण सुरुवातीला हा साधा तापच वाटतो.

अमेरिकेत किंवा युरोपात घर केलेल्या मराठी वाचकांना म्हणूनच सांगावंसं वाटतं: मेलेला ससा उघड्या हाताने उचलू नका, यंत्र फिरवण्याआधी गवत नीट पाहून घ्या आणि नंतर ताप आलाच, तर आपण कशाला हात लावला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा.