'हॅव'ची दोन कामे : मुख्य क्रियापद आणि सहायक क्रियापद

खालची दोन मराठी वाक्ये बघा.

माझ्याकडे तिकीट आहे.
मी तिकीट काढले आहे.

दोन्हींच्या शेवटी 'आहे' आहे. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे 'हॅव' येते : 'आय हॅव अ टिकेट' आणि 'आय हॅव बॉट अ टिकेट'. आपल्या मनात 'आहे' म्हटले की 'ॲम, इज, आर' पक्के बसलेले असते. मग मुलाखतीत 'मी बी.कॉम. पूर्ण केले आहे' याचे 'आय ॲम कम्प्लीटेड बी.कॉम.' होते. विषय चांगला येत असतो, पण पहिल्याच वाक्यात समोरच्याचे मत बनून जाते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, तरीही ही चूक दहावीनंतरही टिकून राहते. म्हणून आज 'हॅव'ची दोन्ही कामे नीट समजून घेऊ.

१) मुख्य क्रियापद : जवळ असणे

मराठीत 'हॅव'ला एकच असा शब्द नाही. आपण 'माझ्याकडे पास आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'तिचे घर मोठे आहे' असे वेगवेगळ्या तऱ्हेने बोलतो. इंग्रजी या सगळ्यांसाठी 'हॅव' वापरू शकते.

आय, वी, यू, दे : हॅव
ही, शी, इट, एकवचनी नाम : हॅज
भूतकाळात सगळ्यांना : हॅड

आता खरी गंमत इथे आहे. 'तिला तीन मुलगे आहेत' यात 'आहेत' का आले? मुलगे तीन म्हणून. पण इंग्रजीत 'शी हॅज थ्री सन्स' होते, कारण 'शी' एक आहे. मराठी वस्तूकडे बघते, इंग्रजी मालकाकडे. 'ठाण्यात बरेच तलाव आहेत' म्हणजे 'ठाणे हॅज मेनी लेक्स'. तलाव कितीही असोत, ठाणे एकच!

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे चूक का? भाऊ असणे ही स्थिती आहे, चालू असलेली क्रिया नाही. पण 'वी आर हॅविंग लंच' हे बरोबर आहे. तिथे 'हॅव'चा अर्थ 'जेवणे' आहे आणि जेवण चालू असू शकते. मराठीत 'करत आहे, घेत आहे, जेवत आहे' असे म्हणता येत असेल तरच 'हॅविंग' वापरा.

२) सहायक क्रियापद : क्रिया पूर्ण झाली

'हॅव'च्या पुढे दुसऱ्या क्रियापदाचे तिसरे रूप आले की 'हॅव' मदतनीस होतो. खरा अर्थ त्या तिसऱ्या रूपात असतो.

लोकल गेली आहे. – द लोकल हॅज लेफ्ट.
तिने सगळी गणिते सोडवली आहेत. – शी हॅज सॉल्व्ड ऑल द सम्स.

इथेही तोच नियम. 'आहेत' गणितांमुळे आले, पण इंग्रजी करणाऱ्याकडे बघते, म्हणून 'हॅज'.

'ॲम' की 'हॅव' हे ठरवायला 'आहे'च्या आधीचा शब्द बघा :

–त आहे : मी येत आहे. – आय ॲम कमिंग.
–ला, –ली, –ले आहे : मी आलो आहे. – आय हॅव कम.

'आलो', 'गेलो' ही रूपेही दुसऱ्याच गटातली. एक सावधगिरी : 'तो बसला आहे', 'बाळ झोपले आहे' यात आपण बहुतेक वेळा आत्ताची अवस्था सांगतो. तिथे 'ही इज सिटिंग', 'द बेबी इज स्लीपिंग' असेच म्हणा.

३) 'होता' दिसला की लगेच 'हॅड' नको

आपण सहज म्हणतो, 'काल मी कल्याणला गेलो होतो.' याचे इंग्रजी 'आय वेंट टू कल्याण यस्टरडे'. इथे 'हॅड गॉन' नको, कारण भूतकाळातली एकच गोष्ट सांगायची आहे. तसेच, कधी ते सांगितले असेल (काल, मागच्या वर्षी, १८५३ साली) तर 'हॅव'ही चालत नाही. पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली. म्हणून 'द फर्स्ट ट्रेन केम टू ठाणे इन १८५३'.

'हॅड' लागतो तो भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची दाखवायला. रेल्वे १८५४ मध्ये कल्याणपर्यंत गेली, उठाव १८५७ चा. म्हणून : 'व्हेन द रिव्होल्ट बिगॅन, द रेल्वे हॅड ऑलरेडी रीच्ड कल्याण.'

एका 'हॅड'ने अर्थ कसा बदलतो ते बघा :

व्हेन वी रीच्ड डोंबिवली स्टेशन, द लोकल हॅड लेफ्ट. – आम्ही पोचण्याआधीच लोकल गेली होती.
व्हेन वी रीच्ड डोंबिवली स्टेशन, द लोकल लेफ्ट. – आम्ही पोचलो आणि लोकल सुटली.

पहिल्या वाक्यात गाडी दिसलीच नाही. दुसऱ्यात डोळ्यांदेखत गेली!

४) प्रश्न आणि नकार

दोन कामांमधला फरक इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. मुख्य क्रियापद असेल तर 'डू, डझ, डिड'ची मदत घ्यावी लागते :

डू यू हॅव अ पास? – आय डोन्ट हॅव अ पास.
डझ शी हॅव अ पास? ('डझ' आले की 'हॅज'चे पुन्हा 'हॅव' होते.)

मदतनीस असेल तर तो स्वतःच पुढे येतो :

हॅव यू बॉट द टिकेट? – आय हॅवन्ट बॉट द टिकेट.

५) दोन्ही कामे एकाच वाक्यात

मी चहा घेतला आहे. – आय हॅव हॅड टी.
तिला सोमवारपासून ताप आहे. – शी हॅज हॅड अ फीवर सिन्स मंडे.

पहिला 'हॅव' किंवा 'हॅज' मदतनीस, दुसरा 'हॅड' मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप. दुसऱ्या वाक्यात मराठीत साधे 'आहे' असले तरी 'सोमवारपासून आत्तापर्यंत' असा अर्थ आहे, म्हणून 'हॅज हॅड'.

६) हॅव टू : करावे लागणे

कर्जत लोकलने येऊन आसनगावला जायचे असेल तर कल्याणला गाडी बदलावी लागते : 'यू हॅव टू चेंज ट्रेन्स ॲट कल्याण.' इथे 'टू'च्या पुढे नेहमी पहिले रूप. नकार 'डोन्ट हॅव टू', म्हणजे 'करायची गरज नाही'. 'करू नको' असा त्याचा अर्थ होत नाही.

सराव

आधी वहीत सोडवा, मगच उत्तरे बघा.

१. माझ्या मामाला दोन मुली आहेत.
२. मी अभ्यास केला आहे.
३. मी अभ्यास करत आहे.
४. तुझ्याकडे छत्री आहे का?
५. मागच्या वर्षी आम्ही दुर्गाडी किल्ला बघितला होता.

उत्तरे

१. माय अंकल हॅज टू डॉटर्स.
२. आय हॅव स्टडीड.
३. आय ॲम स्टडीइंग.
४. डू यू हॅव ॲन अम्ब्रेला?
५. वी सॉ दुर्गाडी फोर्ट लास्ट इयर.

पाचवे चुकले असेल तर मुद्दा ३ पुन्हा वाचा. आणि आज घरी बोलताना जेवढी 'आहे'ची वाक्ये कानावर पडतील, त्यातली दहा वहीत लिहून काढा. प्रत्येकापुढे 'ॲम-इज-आर' की 'हॅव-हॅज' एवढेच लिहा. एक आठवडा केलेत तर बोलताना थांबून विचार करावा लागणार नाही.